सात थरांचं दार

इंद्रभान शेजोळ धाडचा गवंडी. वय छप्पन. सिमेंटच्या जमान्यात दगडाचं काम हातात ठेवलेला त्या बाजूचा बहुधा शेवटचा माणूस. पडकी विहीर सावरायची असो की देवळाची ओवरी, आधी इंद्रभानला नेऊन दाखवायची, अशी पद्धतच पडून गेली होती. तो फार बोलायचा नाही. टेप काढायचा, मोजायचा, कानामागची पेन्सिल घेऊन वहीत लिहायचा आणि 'होते' किंवा 'नाही होत' एवढंच सांगायचा.

डिसेंबरात त्याला बुलढाण्याच्या एका ठेकेदाराचा फोन आला. उमरदरीच्या धरणावर, डोंगराच्या सोंडेवर, टेहळणीचा जुना बुरूज आहे. त्याची डागडुजी निघाली होती. किती दगड हललेत, किती बदलावे लागतील, एवढं बघून कळवायचं. त्या भागातले लोक बुरजाला हुडा म्हणतात. इंद्रभाननं हा हुडा धरणाच्या भिंतीवरून, लांबून, पुष्कळदा पाहिला होता. वर मात्र कधी गेला नव्हता.

"डिंपललेबी घेऊन जा," त्याची बायको सत्यभामाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "तिले नकाशा काढता येते. आन् तेवढंच दोघं बापलेक बोलसान तरी."

बोलायचं कारण होतं. डिंपल त्यांची एकुलती एक. सिव्हिलचा डिप्लोमा झाला आणि पुण्याच्या एका कंपनीचं तिला बोलावणं आलं. इंद्रभान नाही म्हणाला. का, ते त्याला सांगता आलं नाही. एवढ्या लांब, एकटी पोर, जमाना कसा आहे, असं काहीबाही तो पुटपुटला. पण खरं कारण ते नव्हतं. संध्याकाळी कामावरून आल्यावर 'बाबा, आज काय बांधलं?' असं विचारणारं घरात दुसरं कोणी नव्हतं, हे खरं कारण. आणि असलं कारण बापानं पोरीला कोणत्या तोंडानं सांगावं? तीन आठवडे झाले होते. डिंपल ताट वाढायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची आणि उठून जायची.

रविवारी सकाळी दोघं मोटरसायकलवर निघाले. धरणावर पोचायला नऊ वाजले. खाली पाण्याच्या कडेला युसूफ नावाचा मासेमार जाळं पसरून बसला होता. त्याच्या झोपडीपाशी गाडी लावून इंद्रभाननं वाट विचारली.

"वाट हाय ना," युसूफ म्हणाला. "त्या सालईच्या झाडापासून सरळ वर. कुसळ लय हाय पन. पायजामा भरून जाईन."

"कोनी जाते का वर? का साप-किरडू..."

"जातात की. फोटो काढाले येतात पोट्टे-पोट्टी. मी दिवसभर इथंच राह्यतो. जेवढे जातात तेवढे बराबर खाली येतात. घाबरू नका."

चढ अवघड नव्हता, पण लांब होता. दोन्ही बाजूंना कमरेइतकं पिवळं गवत. पळसाची झाडं, सालईच्या सालीचे कागदासारखे सुटलेले पापुद्रे, मधूनच घाणेरीचं रान. पहिल्या वळणावर इंद्रभान दम खायला थांबला आणि त्यानं मागं पाहिलं. धरणाचं पाणी डोंगराच्या प्रत्येक खाचेत शिरून बसलं होतं. एक काठ संपला म्हणावं तर पलीकडं दुसरा निघायचा. पाणी थोडं उतरलेलं, त्यामुळं सगळ्या काठाला गाळाची एक फिकट पट्टी, लुगड्याच्या किनारीसारखी.

"दर्यासारखं दिसून राह्यलं," डिंपल म्हणाली. ती त्याच्याशी बोलली होती की स्वतःशीच, ते कळलं नाही. "अलिबागले कॉलेजची सहल गेली होती तवा असंच दिसलं होतं. फक्त तिथलं पानी हालते."

"हालते म्हंजे?"

"लाटा असतात बाबा. सारख्या येतात आन् जातात."

इंद्रभाननं विचार केला. "मंग काठ बांधतात कसा?"

डिंपल हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. इंद्रभाननं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पुढं चालू लागला. आपण काय विनोद केला ते त्याला कळलं नव्हतं. पण आणखी एखादा सुचला असता तर त्यानं केला असता.

हुडा सोंडेच्या अगदी टोकाला होता. गोल, काळ्या दगडाचा, तीन मजले उंच. खाली सरळ कडा आणि कड्याखाली पाणी. इंद्रभाननं बाहेरून एक फेरी मारली आणि त्याला नवल वाटलं. डागडुजी कसली करायची? एकही दगड हललेला नव्हता. सांध्यांत एक पिंपळाचं रोप नव्हतं. चुन्याला त्यानं नख लावून पाहिलं. चुना गार होता, आणि किंचित ओलसर.

दार पूर्वेला, पाण्याच्या उलट बाजूनं. फळी नाही, बिजागरीची खूण नाही, नुसती मोकळी चौकट. रुंदी अडीच फूट. उंची त्यानं उंबऱ्यापासून वरच्या आडव्या शिळेपर्यंत मोजली. पाच फूट तीन इंच. बाजूला नऊ-नऊ इंचांचे सात थर, एकासारखा एक घडवलेला. 'सात नवे त्रेसष्ट,' तो मनाशी म्हणाला आणि वहीत लिहिलं. मग मान थोडी वाकवून आत गेला.

आत चांगलाच गारवा होता. वटवाघळांचा वास नाही, शेळ्यांच्या लेंड्या नाहीत, जमीन झाडल्यासारखी स्वच्छ. डिंपलनं मोबाइलचा उजेड भिंतीवर फिरवला.

"बाबा, एकबी नाव नाही."

"काहाचं नाव?"

"अहो, असा मोकळा बुरूज आन् कोनी नाव नाही कोरलं? बदाम नाही, बाण नाही. असं कुठी पाह्यलं का तुम्ही?"

इंद्रभाननं खरंच कुठं पाहिलं नव्हतं. 

जिना भिंतीच्या जाडीतून गोल वर चढत होता, जेमतेम दोन फूट रुंद. समोरून कोणी आलं तर दोघांनी आडवं होऊन, पोटं आत घेऊनच जावं लागलं असतं. इंद्रभान एकेक पायरी मोजत चढत होता आणि चढता चढता त्याचा हात पायऱ्यांवरून फिरत होता. विसाव्या पायरीवर तो थांबला, खाली बसला आणि पुन्हा हात फिरवला.

दगडी जिना झिजतो त्याची एक रीत असते. चढणाऱ्याचं पाऊल पायरीच्या मध्यावर पडतं. उतरणाऱ्याची टाच कडेवर बसते. शंभर-दोनशे वर्षांत मध्य खोलगट होतो आणि कड साबणासारखी गोल होते. इथं मध्य वाटीसारखा खोल गेला होता. कडा मात्र कालच टाकीनं काढल्यासारख्या धारदार होत्या. जणू इथं नुसती चढणारीच माणसं आली होती.

"काय झालं?" डिंपलनं वरून विचारलं.

"काही नाही," इंद्रभान म्हणाला. न समजलेली गोष्ट तो कधी बोलून दाखवायचा नाही.

एकावन्न पायऱ्या झाल्या आणि ते उघड्या गच्चीवर आले. छातीएवढा कठडा, वर ऊन, आणि चारी बाजूंनी पसरलेलं पाणी. डिंपलनं वही उघडली आणि गच्चीचा नकाशा काढायला बसली. बारा वाजता दोघांनी भाकर सोडली. बेसन, मिरचीचा ठेचा, कांदा. पलीकडच्या काठावर चिटपाखरू नव्हतं.

"बाबा," घास मोडता मोडता डिंपल म्हणाली, "एक तारखेले जॉइन व्हायचं होतं. मी अजून त्याहिले नाही म्हनून कळवलं नाही."

इंद्रभाननं कांद्याची पाकळी उचलली. परत ठेवली. काही तरी बोलायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. ओठांवर एक शब्द आलाही होता. पण तो हो होता की नाही, ते त्याचं त्यालाच ठरवता येईना.

"खालचं माप राह्यलं," तो म्हणाला आणि उठला.

डिंपलनं भाकरीचं फडकं बाजूला सारलं. पेन्सिल घेऊन ती पुन्हा कागदावर वाकली.

जिना उतरताना इंद्रभान स्वतःवरच चिडलेला होता, त्यामुळं दारातून बाहेर पडताना कपाळ शिळेवर आपटलं तेव्हा त्याला ती आपल्या कर्माची शिक्षाच वाटली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. बाहेर येऊन त्यानं कपाळ चोळलं, खाली पडलेली टोपी उचलली, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आत जाताना आपण नुसती मान वाकवली होती. आता कमरेत वाकूनही डोकं लागलं.

त्यानं टेप काढली. चार फूट सहा इंच.

टेप पोलादी होती, पाच वर्षं वापरातली. त्यानं पुन्हा मोजलं, दुसऱ्या बाजूनं. चार फूट सहा. मग त्यानं थर मोजले, प्रत्येक दगडावर बोट ठेवून, पोरं अंक शिकतात तसे. सहा.

गवंडी माणूस पैशांत चुकेल, नात्यात चुकेल, थर मोजण्यात चुकत नाही. त्यानं उंबरा पाहिला. तोच होता, डाव्या कोपऱ्याला वाटीएवढा खड्डा असलेला. वरची शिळा तीच, पांढऱ्या रेषेची. मधला एक थर नव्हता. कोणी काढला असता तर वरचा भार खाली बसताना सांधे उघडले असते, चुना तडकला असता. एक सांधा उघडला नव्हता. दगडांवरचं शेवाळ वाळून करडं झालेलं, वर्षानुवर्षं तिथंच असल्यासारखं.

'सकाळचं लिहिण्यात चुकलं,' तो स्वतःला म्हणाला. अवजारांची पिशवी त्यानं दाराशी गवतात ठेवली. ऊन लागलं असेल, म्हणून तो हुड्याच्या सावलीकडच्या बाजूला गेला, पाच मिनिटं भिंतीला टेकून उभा राहिला आणि फेरी पूर्ण करून परत दाराशी आला.

पाच थर होते.

आता त्यानं टेप लावली नाही. जवळच एक वाळकं धावड्याचं लाकूड पडलं होतं, मांडीएवढं जाड, पुरुषभर लांब. ते ओढत आणून त्यानं उंबऱ्यावर उभं केलं आणि वरची शिळा तोलून धरेल असं तिरपं, घट्ट ठोकून बसवलं. मग चार पावलं मागं सरला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली.

"डिंपल! ये डिंपल!"

वर कठड्यावरून तिचं डोकं दिसलं. वाऱ्यानं केस उडत होते. चेहरा हसरा होता, इतका हसरा की इंद्रभान क्षणभर बोलायचं विसरला.

"आँ? बाबा, तुम्ही खाली कवा गेले?"

"कवाचाच आलो. तू उतर पाहू."

"असं काय करता? आत्ता तर माह्याजवळ बसून होते."

इंद्रभाननं टोपी मागं सारली. "मी?"

"मंग कोन? आत्ता म्हनले ना तुम्ही, जा म्हनून पुन्याले. एक तारखेले मीच सोडून देतो म्हनले. का लगेच पलटले?"

तिचं हसू थोडं कमी झालं. ती त्याच्या तोंडाकडं पाहत होती, त्या अंतरावरूनही. आपण असं काही म्हणालो नाही, हे त्याला ओरडून सांगायचं होतं. पण ते वाक्य त्याच्या तोंडून निघेना. कसं निघावं?

"ते... ते मंग बोलू," तो म्हणाला. "तू खाली ये माय. आत्ताच्या आत्ता ये."

डिंपलनं मागं वळून पाहिलं, कोणी तरी पाठीमागून नाव घेतल्यासारखं. मग पुन्हा खाली.

"हाव," ती म्हणाली. "येतो आम्ही."

आणि कठड्यावरून दिसेनाशी झाली.

इंद्रभाननं दाराकडं पाहिलं. चार थर. लाकूड तिथंच होतं. तिरपं नव्हतं आता. उंबरा आणि शिळा यांच्यामध्ये ते सरळ, ओळंब्यात उभं होतं, अगदी मापाचं, तीन फूट. त्यानं जवळ जाऊन त्याचं वरचं टोक पाहिलं. टोक कापलेलं होतं. काप जुना होता, पावसानं करडा पडलेला, मधोमध चीर गेलेली.

इंद्रभान बाहेर होता. पायांखाली गवत, डोक्यावर ऊन. खाली युसूफची झोपडी काडेपेटीएवढी दिसत होती. धावत गेला असता तर अर्ध्या तासात माणसं घेऊन आला असता. हे सगळं त्याच्या मनात आलं, आणि ते येत असतानाच तो गुडघ्यांवर बसून, लाकूड बाजूला सारून, आत शिरला होता.

अंधारात त्यानं जिना धरला.

"डिंपल!"

वरून बोलणं ऐकू येत होतं. डिंपल काही तरी सांगत होती, भरभर, लहानपणी शाळेतून आल्यावर सांगायची तसं. मग एक पुरुषी आवाज. खालच्या पट्टीतला, थोडा घोगरा. हा आवाज आपण कुठं तरी ऐकला आहे, असं त्याला वाटलं. पंधराव्या पायरीवर आठवलं. डिंपलनं मागच्या दिवाळीत मोबाइलवर त्याचं बोलणं भरून त्यालाच ऐकवलं होतं. 'मी असा बोलतो?' असं त्यानं तेव्हा विचारलं होतं.

तो दोन-दोन पायऱ्या चढू लागला. भिंती खांद्यांना घासत होत्या. तीस. चाळीस. आवाज अगदी पुढच्या वळणावर होता, सारखा पुढच्या वळणावर. पन्नास. एकावन्न.

गच्चीवर कोणी नव्हतं.

भाकरीचं फडकं नव्हतं. वही नव्हती. ऊन होतं आणि वारा होता.

तो कठड्याशी धावला आणि त्यानं खाली वाकून पाहिलं.

डिंपल खाली गवतात उभी होती. ओढणीला लागलेली कुसळं काढत होती. तिच्या शेजारी एक माणूस अवजारांची पिशवी खांद्यावर घेत होता. चौकड्यांचा शर्ट. पांढरी टोपी. टोपी आणि खांदे, वरून एवढंच दिसत होतं. इंद्रभाननं स्वतःच्या डोक्याला हात लावला. टोपी होती. अंगातला शर्टही चौकड्यांचाच होता.

जिना एकच होता. दोन फुटांचा.

"डिंपल! मी इथं हाओ! वर पाह्य! वर!"

तिनं वर पाहिलं. कपाळावर हात आडवा धरून, डोळे बारीक करून, सरळ त्याच्याकडं. तो दोन्ही हात हलवत होता. कठड्यावर अर्धा बाहेर लोंबकळत होता. तिनं मोबाइल काढला, बुरजाचा एक फोटो घेतला, पाहिला, आणि परत पिशवीत ठेवला.

त्या माणसानं काही तरी म्हटलं. ती हसली. मग दोघं वाटेला लागले. माणसाची पावलं अडखळत पडत होती, फार दिवसांनी चालायला लागलेल्या माणसाची पडतात तशी. पहिल्या उतारावर त्याचा तोल गेला. डिंपलनं पटकन त्याचा दंड धरला.

इंद्रभान जिना उतरला. कसा, ते त्याला कळलं नाही. गुडघा फुटला, कोपर सोलवटलं.

खाली एकच थर उरला होता.

नऊ इंचांची फट, तीतून येणारं ऊन, उन्हात हलणारं गवताचं पातं. तो पालथा पडला. डोकं जाईना. त्यानं हात बाहेर घातला, खांद्यापर्यंत. बाहेर माती गरम होती.

"डिंपल! माय!"

त्यानं गवत मुठीत धरलं. ओरडला, आवाज फाटेपर्यंत. वरची शिळा दंडाला टेकली, अगदी हळू, निजलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण टेकावं तशी. तो हात काढायला तयार नव्हता. शिळेलाही काही घाई नव्हती.

शेवटी त्यानं हात ओढून घेतला.

मग उजेड गेला.

त्यानं अंधारात भिंत चाचपली. जिथं दार होतं तिथं सांधा नव्हता. हातोडा, छिन्नी, फोन, सगळं पिशवीत होतं आणि पिशवी डोंगर उतरत होती. त्याच्यापाशी कानामागची पेन्सिल होती. तिच्या टोकानं त्यानं चुना खरवडला. पेन्सिल मोडली. मग नखांनी. बऱ्याच वेळानं त्यानं तळवा भिंतीवर सपाट टेकला आणि स्वस्थ उभा राहिला. चाळीस वर्षांच्या कामात त्यानं पुष्कळ भिंतींना हात लावले होते. ही भिंत फार जुनी होती. इथं कधीच दार नव्हतं.

मधल्या मजल्यावर भिंतीत एक जंगी होती, बंदुकीची नळी बाहेर काढण्यापुरती उभी फट. तिथून उजेडाची एक पट्टी जिन्यावर पडली होती. इंद्रभान तिथवर चढला आणि त्यानं फटीला डोळा लावला.

खालची वाट दिसत होती. झोपडी दिसत होती. दोघं तिथं पोचले होते. युसूफ उठून उभा राहिला. तिघं थोडा वेळ बोलले. युसूफनं तांब्या पुढं केला आणि तो माणूस घटाघट प्यायला, पुन्हा भरून घेतला, पुन्हा प्यायला. डिंपल मोटरसायकलवर मागं बसली. तिनं त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी धरणाच्या भिंतीवरून गेली, बारीक झाली आणि वळणाआड गेली.

इंद्रभान आणखी ओरडला नाही. तिकडं ऐकायला आता कोणी नव्हतं.

पोरगी पुण्याला जाईल, असं त्याच्या मनात आलं. तो सोडायला जाईल तिला, म्हणाला होता तसं. स्टँडवर उभा राहील. तिला आनंद होईल. बरंच झालं की, असं त्याला वाटलं. आणि तसं वाटलं याचंच त्याला भय वाटलं, दार बुजलं तेव्हा वाटलं होतं त्याहून जास्त.

रात्री ती बापाला जेवायला वाढेल. सत्यभामा विचारेल, कसा काय हुडा?

ऊन कलत गेलं. पाण्याचा रंग आधी पितळेसारखा झाला, मग शिशासारखा. बगळ्यांची एक रांग काठाकाठानं गेली. पाय दुखत होते, पण खाली बसावंसं वाटत नव्हतं. तहान लागायला हवी होती, ती लागली नव्हती. फटीच्या दगडाला कपाळ टेकायला एक खळगा होता. इंद्रभानचं कपाळ त्यात बरोबर बसलं होतं, टेंगळासकट.

किती वेळ गेला ते त्याला सांगता आलं नसतं. त्याच्या ध्यानात आलं ते एवढंच की आपण वाटेकडं पाहणं कधीच सोडून दिलं आहे. तो पलीकडच्या काठाकडं पाहत होता. दिवसभर तिथं कोणी नव्हतं. आता गाळाच्या फिकट पट्टीवर माणसं उतरत होती. मुंग्यांएवढी दिसत होती. एकामागं एक येत होती आणि पाण्याशी येऊन, हुड्याकडं तोंड करून, उभी राहत होती. ती कोण, कुठून आली, हे त्याला कळत नव्हतं. कळून घ्यावंसंही वाटत नव्हतं. तो फक्त मोजत होता, टेहळणीला बसवलेला माणूस मोजतो तसा. आपण मोजायला केव्हा लागलो, तेही त्याला आठवत नव्हतं. एक माणूस सुटू नये म्हणून त्यानं पापणी लवू दिली नाही.

शेवटचा उतरला तेव्हा अंधारून आलं होतं.

त्याच्या मागं, जिन्याच्या वरच्या वळणावरून, कोणी तरी शांतपणे विचारलं, "किती?"

इंद्रभाननं वळून पाहिलं नाही.

"एकेचाळीस," तो म्हणाला.